‘कोसेई निक्की’ : पॅरिसच्या प्रदर्शनाची (१८६७) एक जपानी रोजनिशी

‘रोजनिशी’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरत आला आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यांतील रोजनिशी म्हणजे दप्तरातील दररोजची नोंद होय : सनदा, नेमणुका, खर्च, तंटे, इनामे. ती लिहिणाऱ्या कारकुनाचे मन तीत शोधू जाणे व्यर्थ. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या व्यक्तिगत दैनंदिनीलाही हाच शब्द चिकटला, आणि आता रोजनिशी म्हटले की वाचक प्रथम तीतला ‘मी’ शोधतो. प्रवासाच्या रोजनिशांचा विचार करताना ही अपेक्षा पुष्कळदा आड येते. जी रोजनिशी या दोहोंच्या मधोमध उभी आहे तिचे काय करावयाचे, असा प्रश्न त्यातून निर्माण होतो. १८६७ साली पॅरिस येथे भरलेले जागतिक प्रदर्शन पाहणाऱ्या एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या जपानी तरुणाची ‘कोसेई निक्की’ ही या प्रश्नाच्या विवेचनासाठी अतिशय सोयीची संहिता आहे. शीर्षकाचा अर्थ ‘पश्चिमेकडील जलप्रवासाची रोजनिशी’ असा होतो.

हा तरुण म्हणजे शिबुसावा एईची (१८४०–१९३१). पुढे त्याने पहिली राष्ट्रीय बँक (१८७३) उभारली आणि शेकडो उद्योगांच्या स्थापनेला हातभार लावला. २०२४ च्या जुलैपासून जपानच्या दहा हजार येनांच्या नोटेवर त्याचेच चित्र आहे. ही सारी माहिती वाचकाच्या मनात असते, पण रोजनिशी लिहिणाऱ्याला ती नव्हती. १८६७ मध्ये तो निळीचा व्यवसाय करणाऱ्या सधन शेतकरी घराण्यातून आलेला आणि नुकताच शोगुनच्या चाकरीत शिरलेला एक कनिष्ठ अधिकारी होता. त्याहून महत्त्वाचे असे की, अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, त्याने मित्रांसह ताकासाकीचा किल्ला ताब्यात घेऊन योकोहामा येथील परदेशीयांची वसाहत जाळण्याचा कट रचला होता. कट ऐन वेळी सोडून देण्यात आला. त्यानंतर तो हितोत्सुबाशी योशिनोबुच्या पदरी राहिला, आणि तोच योशिनोबु पुढे शोगुन झाला. त्याने आपला धाकटा भाऊ तोकुगावा आकिताके याला पॅरिसच्या प्रदर्शनासाठी प्रतिनिधी म्हणून पाठविले, तेव्हा हिशेब आणि लेखनिकाचे काम शिबुसावाकडे आले. आकिताकेचा जन्म १८५३ चा, म्हणजे राजप्रतिनिधी केवळ किशोरवयीन होता. मंडळी १५ फेब्रुवारी १८६७ रोजी फ्रेंच आगबोटीने निघाली, ती योकोहामाहून. जी वसाहत जाळावयाची होती, तिच्याच धक्क्यावरून.

या योगायोगाबद्दल रोजनिशीत काहीही नाही, आणि येथूनच तिच्या वाचनातील अडचण सुरू होते. ज्या मनाचे परिवर्तन पाहण्यासाठी आपण ही रोजनिशी उघडतो, ते मन स्वतःविषयी बोलत नाही. ते बोलते पावाविषयी. बोटीवरील न्याहारीची नोंद या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध नोंदींपैकी एक आहे : गाईच्या दुधापासून काढलेला स्निग्ध पदार्थ पावाला लावून खाण्यास देतात व तो फार रुचकर लागतो, आणि जेवणानंतर दाणे उकळून केलेले ‘काफे’ नावाचे पाणी साखर व दूध घालून पितात, त्याने छातीत हुशारी वाटते, असा तिचा आशय आहे. परदेशीयांना हाकलून देण्याची शपथ घेतलेल्या माणसाने लोण्याला रुचकर म्हणावे, यातील अंतर मोठे आहे. पण ते ‘माझे मत बदलले’ अशा वाक्यात सांगितलेले नसून एका विशेषणात साठविलेले आहे. जपानी टीकाकारांनी या न्याहारीला जे महत्त्व दिले आहे ते अवाजवी वाटत नाही.

शांघायच्या नोंदीत वायूचे दिवे आणि तारायंत्राच्या तारा येतात, आणि त्याच दमात युरोपीय लोक तेथील रहिवाशांना गुराढोरांसारखे राबवितात हेही येते. चीन जुन्या रीतीला चिकटून राहिल्याने मागे पडला, असे अनुमान लेखक लगेच काढतो. त्यात सहानुभूतीपेक्षा धसका अधिक आहे. पुढे हाँगकाँग, सायगाव, सिंगापूर, सिंहलद्वीपातील गॉल, मग एडन. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते, म्हणजे मुंबईच्या कारभाराशी शिबुसावाची पहिली गाठ पडली ती त्या रुक्ष बंदरात. सुएझला उतरून मंडळी आगगाडीने अलेक्झांड्रियाला गेली. कालवा १८६९ मध्ये खुला व्हावयाचा होता, खोदकाम चालू होते. येथे रोजनिशीचा सूर थोडा उंचावतो : पाश्चात्त्य लोक एवढी प्रचंड कामे व्यक्तीच्या किंवा एकट्या राज्याच्या लाभापलीकडे पाहून हाती घेतात, याचे आश्चर्य लेखकाने नोंदविले आहे. हा कालवा भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील शिबुसावाचे बीज येथे दाखविण्याचा मोह होतो. चरित्रकारांनी तो आवरलेला नाही. परंतु नोंदीत भागभांडवलाचे विवेचन नसून विस्मय आहे, आणि विस्मयाला सिद्धान्त म्हणून वाचणे हा नोंदीवर अन्याय ठरेल.

आता संहितेच्या स्वरूपाकडे वळले पाहिजे. ‘कोसेई निक्की’ १८७१ मध्ये सहा खंडांत छापून निघाली आणि तिच्यावर एक नसून दोन लेखकांची टोपणनावे आहेत. एक ‘सेइएन ग्योफु’, म्हणजे निळ्या डोहाचा कोळी. हा शिबुसावा. दुसरा ‘आइझान शोशा’, म्हणजे धुकेभरल्या डोंगरातील लाकूडतोड्या. हा सुगिउरा युझुरू, शोगुनच्या परराष्ट्र विभागातील अधिकारी. तो शिबुसावापेक्षा पाच वर्षांनी मोठा होता आणि १८६४ मध्येच एकदा फ्रान्सला जाऊन आलेला होता. त्याने स्वतंत्रपणेही नोंदी ठेवल्या होत्या. तेव्हा ‘तरुण रोजनिशीकार’ असे आपण म्हणतो तेव्हा एका अनुभवी सहकाऱ्याची लेखणीही त्या शब्दात मिसळलेली असते. कोळी आणि लाकूडतोड्या ही जोडी चिनी साहित्यपरंपरेत जुनी आहे. राजवटींच्या उदयास्ताविषयी निवांत गप्पा मारणारे, सत्तेच्या बाहेरचे दोघे सामान्य जन, असा तिचा संकेत आहे. १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली. १८७१ मध्ये हे दोघेही नव्या मेइजी सरकारच्या सेवेत होते. बुडालेल्या राजवटीच्या दूतमंडळाचा वृत्तान्त छापताना त्यांनी नेमकी हीच जोडी निवडावी, यात विनयाइतकाच सूचक शोकही असावा.

कोणती नोंद कोणाची, हे ठरविणे सोपे नाही, आणि याला भाषेचे कारण आहे. ही रोजनिशी चिनी वळणाच्या अभिजात जपानी गद्यात आहे. त्या गद्यात कर्ता सर्रास गाळता येतो व क्रियापदावरून पुरुष किंवा वचन कळत नाही. पाहिले, गेले, ऐकले, एवढेच. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. ‘सकाळी निघून दुपारी कारखाना पाहिला, सायंकाळी पत्रे लिहिली’ या वाक्यातही क्रियापद कारखान्याशी आणि पत्रांशी जुळते. पाहणारा एक की अनेक, पुरुष की स्त्री, याचा पत्ता लागत नाही. जुन्या मराठी दप्तरातील नोंदी याच सोयीवर चालतात. इंग्रजी अनुवादकाला मात्र प्रत्येक ठिकाणी ‘मी’ किंवा ‘आम्ही’ यांपैकी एक निवडणे भाग पडते, आणि त्या निवडीबरोबर मुळात नसलेली आत्मपरता संहितेत शिरते. या ग्रंथाचा मराठी अनुवाद कोणी केला तर तो या एका बाबतीत मुळाला अधिक इमानी राहू शकेल.

प्रदर्शन १ एप्रिल ते ३ नोव्हेंबर १८६७ या काळात शां द मार्सच्या मैदानावर भरले होते. मंडळी पॅरिसला पोचली ती ११ एप्रिलला, आणि २८ तारखेला तुइलरीच्या राजवाड्यात तिसऱ्या नेपोलियनची भेट झाली. रोजनिशीतील तारखा अर्थातच जुन्या चांद्र पंचांगाच्या आहेत, कारण जपानने पाश्चात्त्य पंचांग स्वीकारले ते १८७३ च्या आरंभापासून. त्यामुळे प्रदर्शन एका काळात चालते आणि ते पाहणारा दुसऱ्याच काळात नोंद करतो, असा चमत्कारिक दुहेरीपणा पानोपानी जाणवतो.

मुख्य इमारत लंबवर्तुळाकार होती. लांबी सुमारे ४९० मीटर, रुंदी सुमारे ३८० मीटर. फ्रेडरिक ल प्ले याच्या योजनेनुसार तिची रचना एखाद्या कोष्टकासारखी होती : एकाच केंद्राभोवतीची प्रत्येक वर्तुळाकार दालनमाला एका प्रकारच्या वस्तूंना दिलेली, आणि केंद्रातून निघणारा प्रत्येक पट्टा एका देशाला. वर्तुळाने फिरावे तर जगातील सर्व यंत्रे एकापाठोपाठ दिसतील. पट्ट्याने चालावे तर एका देशाची सर्व संपत्ती. सर्वांत बाहेरच्या दालनात यंत्रे होती. तेथेच एदू याचा पाण्याच्या दाबावर चालणारा पाळणा प्रेक्षकांना वर नेत असे. प्रशियाच्या विभागात क्रुपची पन्नास टनांची तोफ होती. मध्यभागी बाग आणि बागेत देशोदेशींची नाणी, वजने व मापे मांडलेला मंडप. बाहेरच्या उद्यानात इजिप्त, तुर्कस्तान, ट्यूनिस यांच्या इमारती, सुएझ कालव्याच्या कंपनीचे दालन, उपाहारगृहे.

‘कोसेई निक्की’ने हे सारे कसे पाहिले? तिने ते मोजले. इमारतीचा विस्तार, दालनांची वाटणी, कोणत्या देशाला किती जागा. फ्रान्सकडे सुमारे अर्धे क्षेत्र, आणि जपान, चीन व सयाम या तिघांत मिळून एक लहानसा भाग, ही वाटणी रोजनिशीत आहे. आजच्या वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, परंतु सर्वांत जास्त भावना याच भागात आहे असे म्हणता येईल. ज्या प्रदर्शनात राष्ट्रांची प्रतिष्ठा चौरस मीटरांत मांडलेली होती, तेथे आपल्या वाट्याची जागा आकड्यात लिहिणे म्हणजे आपले स्थान लिहिणे होते. यंत्रे व शास्त्रीय उपकरणे यांच्यापुढे लेखक थांबतो, आणि आपल्या अज्ञानाची जाणीव नोंदीला स्पर्श करून जाते. हिशेबनीस तरुणाने नाण्यांच्या मंडपापाशी रेंगाळावे हेही स्वाभाविक. येन हे चलन जपानने १८७१ मध्ये स्वीकारले, म्हणजे रोजनिशी छापली गेली त्याच वर्षी.

जपानी विभागाची बाजू याहून गुंतागुंतीची होती. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात जपानच्या नावाने जे मांडले गेले ते ब्रिटिश वकील रदरफर्ड अल्कॉक याने जमविलेले होते. तेथे गेलेल्या जपानी दूतमंडळींपैकी काहींना कंदील, गवती जोडे अशा वस्तू पाहून ओशाळल्यासारखे झाले होते. १८६७ मध्ये जपान प्रथमच स्वतः मांडणी करीत होता, पण हे ‘स्वतः’ म्हणजे कोण? शोगुनचे सरकार, सात्सुमाचे संस्थान आणि सागाचे संस्थान असे तिघे आले होते. सात्सुमाची माणसे आधी पोचली होती आणि काउंट मोंब्लाँ याच्या साहाय्याने त्यांनी ‘र्‍यूक्यू’च्या राज्याच्या नावाने वेगळे दालन थाटले होते. त्यांनी स्वतःचे पदकही पाडून घेऊन मान्यवरांना वाटले. शोगुनच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, वाटाघाटी झाल्या आणि दोन्ही विभागांवर ‘जपान’ असे लिहून खाली वेगवेगळ्या सरकारांची नावे घालावयाची अशी तडजोड ठरली. परिणाम उलटा झाला. जपान हे अनेक समान राजांचे मंडळ असून शोगुन त्यांपैकी एक आहे, असा ग्रह वृत्तपत्रांतून पसरला. दीड वर्षाच्या आत सात्सुमाच्या फौजांनी शोगुनशाही उलथून टाकली. त्या युद्धाची पहिली चकमक शां द मार्सवरील एका फलकावरून झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती थोडीच होईल. १८७१ च्या वाचकांपैकी अनेक सत्ताधारी सात्सुमाचे होते. छापील रोजनिशीतील या प्रकरणाविषयीची प्रत्येक ओळ हे लक्षात ठेवून वाचावी लागते.

उद्यानात शिमिझु उसाबुरो या व्यापाऱ्याने उभारलेले चहागृहही होते. सुमी, सातो आणि काने या तीन तरुण स्त्रिया तेथे बसत आणि त्यांना पाहण्यास लोटणाऱ्या गर्दीची दखल रोजनिशीने घेतली आहे. त्या तिघींनी पॅरिस कसे पाहिले, हे सांगणारी रोजनिशी मात्र नाही. प्रदर्शनात मांडले जाणारे आणि प्रदर्शन पाहणारे यांच्यातील सीमारेषा जपानी मंडळाच्या मधूनच जात होती. खुद्द आकिताकेही रस्त्यातून जाताना प्रेक्षणीय वस्तूच होता.

१ जुलै रोजी उद्योगप्रासादात पारितोषिक-समारंभ झाला. तिसऱ्या नेपोलियनचे भाषण रोजनिशीने अनुवादरूपात दिले आहे, वृत्तपत्रांतील मजकूरही उतरून घेतला आहे. अशा उताऱ्यांनी संहिता फुगली आहे अशी तक्रार होऊ शकते. पण प्रकाशनाचे वर्ष पाहावे. सम्राट सप्टेंबर १८७० मध्ये सेदाँ येथे प्रशियाचा कैदी झाला होता. तुइलरीचा राजवाडा मे १८७१ मध्ये जळाला होता. ज्याच्या वतीने मंडळ गेले तो शोगुन पदच्युत, आणि ज्याच्या दरबारी गेले तो सम्राट परागंदा. भाषणातील शांतता, प्रगती आणि फ्रान्सचे वैभव यांविषयीचे शब्द कोळी आणि लाकूडतोड्या भाष्यावाचून पुढे ठेवतात. समारंभाच्याच दिवशी मेक्सिकोत सम्राट मॅक्सिमिलियनला गोळ्या घालून ठार केल्याची वार्ता पॅरिसला येऊन थडकली होती, हे युरोपच्या इतिहासकारांनी नोंदविले आहे. सभागृहात बसलेल्या परदेशी पाहुण्याला त्या दिवसाचे हे दुसरे तोंड दिसण्याचा संभव कमी होता. रोजनिशीचे मोल अशा मर्यादेतही असते. त्या क्षणी काय दिसत नव्हते, हेही तीत टिकून राहते.

प्रदर्शनाबाहेरचे पॅरिस या ग्रंथात अधिक जिवंत आहे. जमिनीखालील सांडपाण्याची भुयारे पाहण्यास लेखक उतरला होता, आणि दुर्गंधीसकट त्या व्यवस्थेचे त्याने केलेले वर्णन प्रदर्शनातील बऱ्याच दालनांपेक्षा सरस उतरले आहे. कदाचित शहर स्वतःला मांडून दाखवीत नव्हते म्हणून.

येथे आठवणींचा प्रश्न उपस्थित होतो. शिबुसावाच्या पॅरिस-वास्तव्यातील जे प्रसंग सर्वतोमुखी आहेत ते मुख्यतः उत्तरायुष्यातील कथनांतून आलेले आहेत. बँकव्यवसायी फ्लूरी-एरार याच्याकडून रोखे आणि भागभांडवल यांचे धडे घेणे. हा बँकवाला आणि आकिताकेचा शिक्षक असलेला लष्करी अधिकारी बरोबरीच्या नात्याने बोलतात हे पाहून, सामुराई आणि व्यापारी यांच्यातील जपानी दरी आठवणे. बेल्जियमच्या राजाने किशोरवयीन आकिताकेला आपल्या देशाचे लोखंड विकत घेण्याचा सल्ला देणे. १८८७ मध्ये निकटवर्तीयांना सांगितलेले ‘अमायोगातारी’ हे आत्मकथन आणि त्यानंतरच्या असंख्य भाषणांतून या प्रसंगांना आकार आला. सांगणारा तोवर बँकेचा संस्थापक झालेला होता. त्याला आपल्या आयुष्याचे सूत्र सापडले होते, आणि पॅरिसला त्या सूत्राचा आरंभबिंदू म्हणून स्थान मिळाले होते. प्रसंग खोटे आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांची निवड मात्र पन्नाशीकडे झुकणाऱ्या आणि पुढे नव्वदी गाठणाऱ्या माणसाने केली आहे. सत्तावीस वर्षांच्या लेखकाने निवडले होते ते लोणी, कालवा, चौरस मीटर आणि भुयार.

मराठीत याला समांतर उदाहरण गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे देता येईल, जरी तो युद्धाच्या धामधुमीतील प्रवास आहे आणि प्रदर्शनाशी त्याचा संबंध नाही. १८५७ च्या सुमारास घडलेले त्यांनी सुमारे पाव शतकानंतर लिहिले, चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ मध्ये आपल्या संस्कारांसह प्रसिद्ध केले, आणि मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये उजेडात आले. तेथे स्मरणाचा एक थर आणि संपादनाचा दुसरा. शिबुसावाच्या बाबतीत मुळाशी समकालीन नोंद आहे हा फरक मोठा. तरी तिच्यावरही सहलेखकाचा आणि १८७१ च्या राजकारणाचा थर आहे, आणि लोकप्रिय झाली ती नोंद नसून आठवण, हे साम्य त्याहून मोठे. वाङ्मयप्रकारांचे वर्गीकरण करताना रोजनिशी आणि आत्मचरित्र एकाच कप्प्यात टाकण्याची जी सवय पाठ्यपुस्तकांनी लावली आहे, तिने अशा संहितांचे नुकसानच होते.

१८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले असता शिबुसावाशी त्यांची बोलणी झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन कंपनीच्या बोटी कोबे ते मुंबई या मार्गावर कापसासाठी ये-जा करू लागल्या. १८६७ च्या जलमार्गाने टाळलेले बंदर असे सव्वीस वर्षांनी जोडले गेले. हा धागाही चरित्रकाराचा. रोजनिशीच्या पानांत त्याची चाहूल नाही.

१९२८ मध्ये ‘कोसेई निक्की’बरोबर शिबुसावाच्या पॅरिसमधील निवासाची व युरोपातील दौऱ्यांची इतर दैनंदिन टिपणेही एकत्र छापली गेली. ती अधिक कोरडी आहेत : कोण भेटावयास आले, काय खर्च झाला, कोणाला पत्र गेले. पेशवे दप्तर चाळलेल्या वाचकाला ती लगेच ओळखीची वाटतील. छापील ‘कोसेई निक्की’ इंग्लंडच्या दौऱ्याशी, १८६७ च्या डिसेंबरात थांबते. योशिनोबुने नोव्हेंबरमध्येच राज्याधिकार सम्राटाला परत केले होते, परंतु ती वार्ता पॅरिसला पोचली नव्हती. ती पोचली पुढच्या जानेवारीत. मंडळाला मायदेशी बोलावणे आले आणि १८६८ च्या डिसेंबरात शिबुसावा पुन्हा योकोहामाच्या धक्क्यावर उतरला. तो वृत्तान्त आत्मकथनात आहे.